मंजुरी मिळते, वाचायचं राहून जातं

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल झाला की तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो. ते तो वाचतात, निदान वाचावा अशी अपेक्षा असते, आणि सहीनिशी अहवाल पाठवतात. हरकती असल्या तर प्रबंध दुरुस्तीला परत येतो. एवढा सगळा सोपस्कार अशा ग्रंथासाठी, ज्याला पुढे कपाटातून काढणारे वर्षाकाठी चार-दोन निघाले तरी पुष्कळ. आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लागू होणारा एखादा नवा विषय घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या मुलामुलींना तो शिकावा लागणार, त्याच्यावर त्यांचे गुण, श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) आणि प्रसंगी एखादं वर्ष अवलंबून राहणार. त्याच्या मसुद्याखाली मात्र ‘मी हे सगळं वाचलं, हे एवढ्या तासांत शिकवता येईल’ असं कोणी एका माणसानं लिहून सही केली आहे, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

कोल्हापुरात हा विषय निघाला की तक्रार ठरलेली असते. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री चालवणारा कोणीही सांगेल, ‘‘आमच्याकडं मशिनी बदलून झाल्या सर, तुमचा सिलॅबस अजून तिथंच बसलाय.’’ पालकांचं म्हणणंही हेच. यंत्रणा सुस्त आहे, नवा विषय आणायचा म्हटलं की फाइल हलत नाही. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. उशीर होतो तो कागदाला. बैठकीची तारीख ठरण्यात, विषयपत्रिका निघण्यात, मागचं इतिवृत्त कायम होण्यात महिने निघून जातात. मसुदा वाचून त्यावर बोलण्याच्या वाट्याला मात्र मिनिटं येतात. अशी ही सुस्त आणि घाईची, दोन्ही एकदमच असलेली पद्धत. ‘प्रक्रिया वेगवान करा’ असं म्हणत आपण त्या उरल्यासुरल्या मिनिटांनाच कात्री लावू, अशी मला भीती वाटते.

रस्ता असा आहे. विषयातले दोन-चार प्राध्यापक उपसमितीत बसून मसुदा करतात. तो अभ्यास मंडळापुढे येतो, तिथून विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्यापरिषदेत. ती मंजूर म्हणाली की जूनपासून लागू. (महाविद्यालयात नवी शाखा किंवा नवी पदवी सुरू करणं हा निराळा मामला. तिथं बृहत् आराखडा येतो, शासनाची परवानगी येते. त्यात आज शिरत नाही.) महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 चा, मार्च 2017 पासून लागू झालेला. त्यानं विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. म्हणजे विद्याशाखेच्या बैठकीत मराठीचा माणूस अर्थशास्त्राच्या मसुद्यावर काय बोलणार? तो बोलत नाही, आणि त्याची शहाणी अपेक्षा असते की उद्या मराठीचा मसुदा आला की अर्थशास्त्रवाल्यानंही बोलू नये. विद्यापरिषदेत तर विषयपत्रिकेचा गठ्ठाच इतका जाड असतो की पान उलटण्यातच दिवस जातो. धान्य चार चाळण्यांतून गाळलं म्हणून निर्धास्त राहावं आणि पाहावं तर चारही चाळण्यांची भोकं एकाच मापाची, तसला हा प्रकार. खालच्यांना वाटतं वर बघतील, वरच्यांना वाटतं खाली बघून झालं असेल.

मग अभ्यास मंडळात, जिथं विषयाची माणसं बसलेली असतात, तिथं काय होतं? मी बसलोय अशा बैठकांना. विद्यापीठ कुठलं, विषय कुठला, ते सोडून द्या. ज्यानं कुठंही अशी बैठक अनुभवली आहे त्याला ओळखीचं वाटेल. मसुदा आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपच्या गटावर आलेला असतो. सकाळी हजेरीच्या कागदावर सह्या होतात, प्रवासभत्त्याचे फॉर्म भरले जातात, पोहे येतात. मग अध्यक्ष मसुदा पडद्यावर लावतात. पहिला अर्धा तास अध्ययन निष्पत्तीवर, म्हणजे विषय शिकून मुलांना काय येईल त्या वाक्यांवर जातो. ‘विद्यार्थ्याला संकल्पना समजेल’ असं लिहिलेलं चालत नाही, ‘विद्यार्थी संकल्पनेचं विश्लेषण करेल’ असं क्रियापद लागतं, कारण उद्या नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती आली की तक्त्यात ते बसवायचं असतं. मग चार घटक, प्रत्येकी पंधरा तास, बेरीज साठ. बेरीज जुळली की सगळ्यांना हायसं वाटतं. संदर्भग्रंथांची यादी वर-खाली होते, कोणाचं पुस्तक राहिलं असेल तर ते आत येतं. तिसऱ्या घटकात जे लिहिलंय ते पंधरा तासांत कोणाच्या बापाला शिकवून होणार नाही, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना कळत असतं. पण बोलायचं कोणी? मसुदा करणारा समोरच बसलाय, त्यानं सुट्टीत बसून काम केलंय, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच कॉलेजात आपल्याला परीक्षक म्हणून जायचंय. ‘चालतंय की’ म्हणून विषय पुढे सरकतो.

आवाज चढतो तो निराळ्याच मुद्द्यावर. कार्यभार! हा शब्द विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला रुक्ष वाटेल, पण अभ्यासक्रमाची गोष्ट त्याच्याशिवाय कळायची नाही. एखाद्या विषयाला आठवड्याला किती तासिका मिळतात त्यावर त्या विषयाची किती पदं टिकतात हे ठरतं. दोन श्रेयांक कमी झाले की कुठल्यातरी आडगावच्या कॉलेजात एक पद अतिरिक्त ठरू शकतं, म्हणजे एका माणसाच्या घराचा प्रश्न येतो. त्यामुळे नवा विषय आला की पहिला प्रश्न ‘हा कोणाचा कार्यभार?’ असा असतो. मुलांना काय येईल हा नंतर, वेळ उरला तर. या प्राध्यापकांना मी स्वार्थी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं भरती अडकवून ठेवलेल्या व्यवस्थेत माणसं हातातली तासिका धरून बसणारच. पण त्याचा परिणाम अभ्यासक्रमावर होतो, हे निदान उघड म्हणायला हवं. जे विषय दोन विषयांच्या मध्ये पडतात, ज्यांना कोणा एका विभागाचा कार्यभार म्हणता येत नाही, ते बिचारे मसुद्यातच मरतात. उलट एखाद्या विभागाचे तास भरून काढणारा विषय, त्यात जीव असो वा नसो, बिनविरोध पार पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आल्यावर तर या सगळ्याला ऊत आला. राज्य शासनाच्या एप्रिल 2023 च्या निर्णयानं पदवीचा सांगाडा ठरला: तीन वर्षांचे 132 श्रेयांक, चार वर्षांचे 176. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा विषय), कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे, क्षेत्रीय प्रकल्पाचे असे खण पाडले गेले. खण पडले की ते भरायला विषय लागतात, तेही पुढच्या जूनच्या आत. अभ्यास मंडळांनी ते भरले. काही फार चांगले भरले गेले, हेही सांगितलं पाहिजे. पण इतके नवे विषय एकदम आले की वाचण्याची जी थोडीफार सवय होती तीही मोडली.

ओपन इलेक्टिव्हचंच पाहा. कला शाखेच्या मुलीनं आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यायचा, ही कल्पना मला मनापासून आवडते. राधानगरीकडून सकाळच्या एसटीनं येणाऱ्या, इतिहास घेतलेल्या मुलीला घरच्या दुधाच्या हिशेबासाठी थोडं वाणिज्य आलं तर वाईट काय? पण तो विषय लिहितात वाणिज्यचे प्राध्यापक, तपासतं वाणिज्यचं अभ्यास मंडळ. शिकणार ते वाणिज्य न घेतलेले. त्यांच्या बाजूनं मसुदा वाचणारं त्या खोलीत कोणी नसतं. परिणामी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा एक तुकडा कापून, नाव बदलून, दोन श्रेयांकांना विकला जातो. आणि डोंगरकपारीतल्या ज्या कॉलेजात एकच शाखा आहे, तिथं दुसऱ्या शाखेचा माणूस आणायचा कुठून, हे तर कोणी विचारतच नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावरून ऑनलाइन करू द्या, असं म्हणतात. नियमानं 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात हे खरं, पण पावसाळ्यात ज्या गावात दिवसदिवस लाइट नसते तिथल्या मुलाला हे सांगताना जीभ जरा अडखळते.

नीट वाचणं म्हणजे काय, ते एका कल्पित विषयावर करून पाहू. समजा भूगोलाच्या कोणी ‘पंचगंगेचा पूर’ असा दोन श्रेयांकांचा ओपन इलेक्टिव्ह सुचवला. तीस तासांचा विषय. कोल्हापूरला याहून जवळचा दुसरा विषय नसेल. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर आजच्या प्राध्यापकांनी डोळ्यांनी पाहिलेत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की शहराचा पुण्याशी संबंध तुटतो, हेही. आत्ताच्या पद्धतीनं या मसुद्याचं काय होईल? घटक चार, तास तीस, क्रियापदं बरोबर, मंजूर.

आता एक वाचक नेमा. तो प्रथम विचारेल, कुठल्या सत्रात? पहिलं सत्र जून-जुलैला सुरू होतं. पूर येतो जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टात, तेव्हा रस्ते बंद, कॉलेज बंद, आणि वर्गात गाद्या टाकून पूरग्रस्तांची सोय केलेली. क्षेत्रभेट तेव्हा कशी करणार? विषय दुसऱ्या सत्रात हलवा. दिवाळीनंतर चिखली-आंबेवाडीला जाऊन भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा मोजता येतात, लोकही बोलायला मोकळे असतात. मग तो विचारेल, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, यावर तुम्ही काय शिकवणार? इथं प्रत्येकाचं मत तयार आहे. 2019 नंतर पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीचं म्हणणं आणि नदीकाठच्या माणसाचं म्हणणं शेजारी ठेवून मुलांना वाद घालू देणार असाल तर विषयाला अर्थ आहे. पण मग परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याची कशी चालेल? परीक्षेची पद्धत बदला.

दुसरा वाचक जतच्या किंवा आटपाडीच्या कॉलेजातला घ्या. तो म्हणेल, ‘‘आमच्या पोरांनी पूर टीव्हीवर बघितलाय. आमच्याकडं टँकर येतो.’’ शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं तेव्हा सोलापूरही त्यात होतं. 2004 ला ते वेगळं झालं, तरी उरलेल्या तीन जिल्ह्यांत शिरोळचं बुडणारं शिवार आहे आणि माणदेशचं करपणारंही. त्या एका वाक्यानं मसुदा बदलतो. विषयाचं नाव ‘आपल्या तालुक्याचं पाणी’ होतं, पहिला घटक सगळ्यांना समान राहतो, दुसरा घटक कॉलेजवर सोपवला जातो. शिरोळनं पूर शिकवावा, जतनं म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी कुठवर आलं आणि कुणाच्या शेतात आलं नाही हे शिकवावं. हे सगळं सुचायला तज्ज्ञांची समिती लागली नाही. जो वर्गात उभा राहणार आहे अशा माणसानं मसुदा आधी वाचला, इतकंच.

असं न वाचता मंजूर झालेल्या विषयाचं पुढे काय होतं, याचा धडा आपल्यासमोर वीसेक वर्षं पडलेला आहे. पर्यावरण. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली सांगितलं की सर्व स्तरांवर पर्यावरण शिकवा. हेतू उत्तम. पदवीला तो सक्तीचा झाला आणि सोबत प्रकल्प आला. एकेका कॉलेजात शेकडो मुलं, शिकवायला स्वतंत्र माणूस नाही, प्रकल्प तपासणार कोण आणि कसा, हे मंजुरीच्या वेळी कोणी विचारलं नाही. मग कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘पंचगंगेचे प्रदूषण’ आणि ‘रंकाळ्याचे प्रदूषण’ तयार मिळू लागलं. मोठ्या भावाची वही धाकट्यानं उतरवली, कव्हर बदललं, त्यावर फुलं काढली, सही झाली. कित्येक वह्यांत तर आकडेही तेच राहिले. नदी मधल्या काळात कुठल्या कुठं गेली, वहीतली नदी तशीच. या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जमेल असा विषय त्यांच्यापुढे ठेवायचं काम आपलं होतं.

स्वायत्तता हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. शहरातल्या काही महाविद्यालयांनी ती घेतली आहे, त्यांची स्वतःची अभ्यास मंडळं आहेत, विषय बदलायला त्यांना कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. वेग वाढतो, यात शंका नाही. पण मंडळात बसतात ते एकाच स्टाफरूममधले सहकारी आणि एक-दोन पाहुणे. सकाळ-संध्याकाळ ज्याच्यासोबत चहा प्यायचा त्याच्या मसुद्याला ‘हे जमलं नाही’ म्हणणं मोठ्या मंडळापेक्षा जास्त अवघड. वर्तुळ लहान झालं की भीड वाढते. स्वायत्त कॉलेजांना बाहेरच्या वाचकाची गरज उलट अधिक आहे.

‘वाचकांच्या भानगडीत आणखी उशीर होईल,’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. पंधरा दिवस होईल. मसुदा एका बैठकीत मांडा, पंधरा दिवस दोन वाचकांकडे राहू द्या, पुढच्या बैठकीत त्यांच्या एकेका पानाच्या टिपणासह निर्णय घ्या. टिपण नावासकट इतिवृत्ताला जोडा. ते मान्य करायलाच हवं असं नाही. मंडळानं ‘का मान्य नाही’ एवढं दोन ओळींत लिहावं. खरोखर निकड असेल तर कुलगुरूंना विद्यापीठ कायद्याच्या कलम 12(7) खाली तातडीचे अधिकार आहेतच, आणि ते वापरले जातातही. फाइल जिथं महिना-महिना पडून असते तिथून हे पंधरा दिवस काढता येतील. ते काढायला कोणाला जमत नसेल तर मग गतीची कळकळ फार खरी मानू नये.

वाचकांपैकी एक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारा असावा, यावर माझा विशेष हट्ट आहे. आज पदवीच्या वर्गात नवे विषय बहुतांशी कोण शिकवतो? सीएचबीवाला, म्हणजे हाच तासिकावाला. जुना, कायम प्राध्यापक आपला पेपर सोडत नाही, नवा विषय आला की तो ‘यांना द्या’ म्हणून तासिकावाल्याच्या गळ्यात पडतो. दोन कॉलेजं करत, मोटारसायकलवरून गारगोटी नाहीतर गडहिंग्लज गाठणारा हा मुलगा किंवा मुलगी तो विषय रात्री यूट्यूबवर बघून सकाळी शिकवते. तो विषय कुठं अडतो, कुठलं पुस्तक मिळतच नाही, कुठला घटक मुलांना आवडतो, हे सगळ्यात जास्त त्यांना माहीत असतं. अभ्यास मंडळात मात्र त्यांना खुर्ची नसते. कायद्यानं मंडळावर बाहेरचे तज्ज्ञ, उद्योगातली माणसं घेण्याची सोय केली. ती हवीच, फाउंड्रीवाल्याला बोलवा, जरूर बोलवा. पण त्याच्याशेजारी हा विषय उद्या शिकवणाराही बसू द्या.

विद्यापरिषदेसाठी माझी एक सूचना आहे, ऐकून लोक हसतात. प्रत्येक बैठकीला नव्या विषयांच्या चिठ्ठ्या टाका आणि चार-पाचच काढा. त्या विषयांच्या अभ्यास मंडळांच्या अध्यक्षांना बोलावून अर्धा-अर्धा तास खरोखर उलटतपासणी घ्या: कोण शिकवणार, कुठं शिकवणार, आधीचं काय काढून टाकलंत, मागच्या विषयाच्या उत्तरपत्रिका कोणी पाहिल्या का. बाकीचे खुशाल एका ठरावात मंजूर करा. आपली चिठ्ठी निघेल या धास्तीनं खालची मंडळं घरून वाचून येतील. सगळेच विषय वाचल्याचं नाटक करण्यापेक्षा पाच वाचलेले बरे.

शाहू महाराजांनी या गावात गावकामगार पाटलांसाठी पाटील शाळा काढली होती. आधी शिकणारा माणूस समोर होता, त्याला उद्या काय करावं लागणार हे माहीत होतं, मग काय शिकवायचं ते ठरलं. आपल्याकडे आधी खण पडतात, मग ते भरायला विषय येतो, आणि शिकणारा जूनमध्ये प्रवेश घेतल्यावर दिसतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. वाचकाला मानधन दिलं पाहिजे, फुकट वाचन कोणी नीट करत नाही. विद्यापीठ उत्तरपत्रिका तपासायला पैसे देतं, प्रश्नपत्रिका काढायला देतं, बैठकीला येण्या-जाण्याचे देतं. एका विषयामागे दोन वाचकांचं मानधन म्हणजे त्याच बैठकीच्या दोन-तीन सभासदांच्या प्रवासभत्त्याएवढं होईल. बैठक ऑनलाइन घेतली तर तेवढी रक्कम तिथंच सुटते. पोहे तेवढे ज्याचे त्यानं घरी खावेत.